‘काहीच नाही भेटलं’ : विज्ञानकथा आणि राजकारण या विषयाच्या कॅटलॉग-शोधाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे अनुदानित महाविद्यालय. एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय घेतला : ‘मराठी विज्ञानकथेतील राज्यसंस्था आणि सत्ता’. मार्गदर्शक मॅडम राज्यशास्त्राच्या. मराठीचा पदव्युत्तर विभाग महाविद्यालयात नाही, त्यामुळे साहित्याच्या बाजूने विचारायला कोणी नव्हते. आराखडा द्यायला चार आठवडे उरले होते.

ग्रंथालयात साधारण २२ हजार पुस्तके आणि कोहा ही संगणक प्रणाली. जुन्या पुस्तकांच्या नोंदी बाहेरच्या एजन्सीने दाखल नोंदवहीवरून (ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमाने लिहितात ती वही) टाइप केलेल्या, दर नोंदीमागे ठरलेल्या पैशांत. विद्यार्थिनीचे खेडे १८ किलोमीटरवर. परतीची शेवटची एसटी साडेपाचची आणि घरी कापसाची वेचणी सुरू. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला जेमतेम तीन तास, एवढाच वेळ तिच्या हाती होता. लॅपटॉप नव्हता, मोबाइल होता.

ओळख पटू नये म्हणून गाव, संस्था आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत.

समस्या

पहिल्या दिवशी तिने शोधपेटीत ‘विज्ञानकथा आणि राजकारण’ असे टाकले. शून्य निकाल. तेच इंग्रजीत टाकले, पुन्हा शून्य. नुसते ‘विज्ञानकथा’ टाकल्यावर तीन पुस्तके आली. नुसते ‘राजकारण’ टाकल्यावर शंभराहून जास्त आली आणि त्यांत विज्ञानकथेचे एकही नव्हते. दोन दिवस शब्द उलटसुलट करून झाल्यावर ती देवघेवीच्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘सर, काहीच नाही भेटलं. विषयच बदलून घेऊ का?’

शोध कुठे अडला हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. इथे तो चार ठिकाणी अडला होता.

पहिले ठिकाण म्हणजे कॅटलॉगचे स्वरूप. कॅटलॉग पुस्तकाचे वर्णन करतो, आतल्या मजकुराचे नाही. ललित पुस्तकाला विषयशीर्षके, म्हणजे विषय सांगणारे ठरीव शब्द, देण्याची पद्धत जगभरच्या ग्रंथालयांत तोकडी आहे. कादंबरीला लेखक, ग्रंथनाम, भाषा आणि वर्गांक मिळतो, पण ती सत्तेविषयी आहे की शेतीविषयी, हे नोंदीत बहुतेक वेळा येतच नाही. ड्यूई या वर्गीकरण-पद्धतीत मराठी कादंबरी-कथेचा वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे ठरलेला क्रमांक, ८९१.४६३. ग्रामीण कथा, ऐतिहासिक कादंबरी, विज्ञानकथा, रहस्यकथा, सगळ्या त्याच एका अंकाखाली. अरुण साधूंचे उदाहरण घ्या. परतवाड्यात जन्मलेल्या या लेखकाची ‘सिंहासन’ ही सत्ताकारणावरची कादंबरी महाराष्ट्रभर माहीत आहे. त्यांनीच ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरीही लिहिली. राजकारण जाणणारा लेखक विज्ञानकथेकडे वळला, म्हणजे या विषयाचा अगदी गाभा. तरी ‘राजकारण’ हा शब्द टाकून या दोन्हींपैकी एकही सापडत नाही, कारण तो शब्द नोंदीत कुठेच नाही. पुस्तक मात्र याच ग्रंथालयाच्या रॅकवर होते.

दुसरे, संग्रहातल्या कथा. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या कल्पनेवर उभी आहे. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावाने आहे. राज्यसंस्थेचा इतिहास वेगळा घडला असता तर काय झाले असते, हे विचारणारी इतकी नेमकी कथा असूनही कॅटलॉगमध्ये ‘पानिपत’ टाकल्यावर इतिहासाची पुस्तके आणि ऐतिहासिक कादंबऱ्या येतात. कॅटलॉगच्या नोंदीत प्रत्येक माहितीसाठी क्रमांक दिलेला रकाना म्हणजे क्षेत्र असते, आणि संग्रहातल्या कथांची नावे ५०५ या क्षेत्रात टाकायची सोय आहे. एजन्सीने ते क्षेत्र कुठेच भरलेले नव्हते.

तिसरे, शब्दाचे लेखन. ‘विज्ञानकथा’ जोडून, ‘विज्ञान कथा’ तोडून, ‘वैज्ञानिक कथा’, ‘विज्ञान कादंबरी’, ‘विज्ञान साहित्य’, असे पाच प्रकार एकाच कॅटलॉगमध्ये होते. त्यात मराठीचे सामान्यरूप : ‘राजकारण’ टाकले तर ‘राजकारणाचा’ सापडेलच असे नाही आणि ‘राजकीय’ तर नाहीच. शिवाय जवळपास एक तृतीयांश मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत टाइप केलेली. त्यातही ‘ज्ञ’साठी एकाने डी-एन-वाय लिहिलेले, दुसऱ्याने जी-वाय.

चौथे ठिकाण शोधपेटी. ‘आणि’ हा शब्दसुद्धा कॅटलॉगने शोधायचा शब्द म्हणून धरला होता. दोन कल्पना एकाच पेटीत टाकल्या की दोन्ही शब्द एकाच नोंदीत असण्याची अट लागते. मोठ्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये ही अट उपयोगी पडते, कारण तिथल्या नोंदी भरीव असतात. चार ओळींच्या नोंदीत तिचे उत्तर शून्यच येणार.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय विषय बदलण्याचा. मॅडमनी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींवरचा एक विषय सुचवूनही ठेवला होता. त्यात साहित्य मिळण्याची खात्री होती. पण विद्यार्थिनीला मूळ विषयाची ओढ होती, आणि तो सोडण्यासाठी ‘कॅटलॉगमध्ये शून्य’ हे कारण पुरेसे नव्हते.

दुसरा, लगेच नागपूर गाठण्याचा. जाऊन-येऊन पूर्ण दिवस, एसटीचे भाडे आणि वेचणीची बुडालेली मजुरी. काय मागायचे तेच ठरलेले नसताना हा खर्च वाया गेला असता.

तिसरा पर्याय तिने कोणाला न विचारता आधीच वापरला होता. एका एआय चॅटबॉटला विचारून १५ पुस्तकांची यादी आणली होती. यादी दिसायला उत्तम होती, लेखक, वर्ष, प्रकाशक सगळे होते. ग्रंथपालांनी ती फेकली नाही. प्रत्येक नाव वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या संयुक्त कॅटलॉगमध्ये आणि प्रकाशकांच्या सूचीत तपासायला लावले. नऊ खरी निघाली. सहा कुठेच नव्हती आणि त्यांतल्या दोघांत लेखक खरा, पुस्तक बनावट होते. असे नाव आराखड्याच्या संदर्भयादीत गेले असते तर पहिल्याच चर्चेत सगळ्या यादीवरचा विश्वास उडाला असता. चॅटबॉटची यादी सुगावा म्हणून चालते, नोंद म्हणून नाही. कॅटलॉगमध्ये दिसेपर्यंत ते पुस्तक अस्तित्वात नाही असेच धरावे.

चौथा पर्याय निवडला गेला : दोन आठवडे इथूनच पद्धतशीर शोध, तो नोंदवून, आणि मग पक्की यादी घेऊन नागपूरची एकच फेरी.

केलेली कृती

सुरुवात कॅटलॉगच्या परीक्षेने झाली. रॅकवरचे माहीत असलेले एक पुस्तक घेऊन त्याचे नाव देवनागरीत टाकले. सापडले. मग नावातला मधलाच एक शब्द टाकला. तोही सापडला. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती नेहमी आधी करावी. कोहामध्ये झेब्रा या शोधयंत्रणेची अनुक्रमणी देवनागरीसाठी योग्य, म्हणजे आयसीयू पद्धतीने, झालेली नसेल तर समोर असलेले पुस्तकही सापडत नाही, आणि मग शब्दांची कितीही अदलाबदल केली तरी व्यर्थ. जुना डेटा श्रीलिपीसारख्या फाँटमधून आलेला असेल तर नोंदीत अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो, तो ओळखता यायला हवा.

त्यानंतर एका कोऱ्या कागदाचे तीन स्तंभ केले. पहिल्यात प्रकाराचे शब्द, वर सांगितलेले पाचही, देवनागरीत आणि रोमनमध्ये. दुसऱ्यात सत्तेचे शब्द : राजकीय, राज्यसंस्था, सत्ता, हुकूमशाही, लोकशाही, युद्ध, अणुबॉम्ब, आदर्श राज्य, युटोपिया. तिसऱ्यात हवे असलेले साहित्य : मूळ कथा-कादंबऱ्या की त्यांवरची समीक्षा. हा तिसरा स्तंभ सगळ्यांत कामाचा ठरला. मूळ ललित साहित्य लेखकाच्या नावाने शोधायचे आणि समीक्षा विषयशीर्षकाने. दोन्ही एकाच रस्त्याने सापडत नाहीत, आणि पहिले दोन दिवस वाया गेले ते याच गल्लतीमुळे.

लेखकांची यादी साधी होती : नारळीकर, साधू, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. एका संग्रहाच्या प्रस्तावनेतून आणखी नावे निघाली. लेखक-क्षेत्रात आडनाव टाकून, शेवटी तारांकन (पुढे कोणतीही अक्षरे चालतील, असे सांगणारी खूण) लावून शोधल्यावर महाविद्यालयाच्या कॅटलॉगमध्येच १९ पुस्तके निघाली. पहिल्या दिवशी तीन आली होती. पुस्तके होती तिथेच होती, फक्त विचारण्याची बाजू बदलली.

तरीही रॅक पाहणे चुकवले नाही. ८९१.४६३ च्या रॅकवर लेखकचिन्हाप्रमाणे, म्हणजे लेखकाच्या नावावरून दिलेल्या खुणेप्रमाणे, मांडणी असते. तिथे पुस्तकाची पाठ वाचत गेल्यावर कॅटलॉगमध्ये न आलेली चार पुस्तके मिळाली. त्यांपैकी दोनांच्या लेखकाचे आडनाव नोंदीत चुकीचे टाइप झाले होते. दाखल नोंदवहीचे दोन खंडही चाळले. नोंदवहीत ग्रंथनाम हाताने लिहिलेले असते, त्यामुळे टंकनाची चूक तिथे नसते. पण पुस्तक निष्कासित झाले, म्हणजे संग्रहातून काढून टाकले, असेल तर शेरा-रकाना पाहावाच लागतो. एक पुस्तक असेच नोंदवहीत होते आणि दहा वर्षांपूर्वी रद्दीत गेले होते.

मग मोठे कॅटलॉग : वर्ल्डकॅट, इन्फ्लिबनेट या संस्थेचा इंडकॅट हा विद्यापीठ ग्रंथालयांचा संयुक्त कॅटलॉग आणि नागपूरच्या ग्रंथालयांचे ओपॅक, म्हणजे ऑनलाइन कॅटलॉग. हे सगळे मोबाइलवर झाले, पण छोट्या पडद्यावर वरचे फिल्टर लपलेले असतात, ते ब्राउझरच्या ‘डेस्कटॉप साइट’ या पर्यायाने उघडले.

वर्ल्डकॅटमध्ये पुन्हा शून्याचा धक्का बसला. नारळीकर हे नाव नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाकल्यावर इंग्रजी विज्ञानग्रंथ भरपूर आले, मराठी कथा अगदी थोड्या. कारण अमेरिकन ग्रंथालये भारतीय नावे ठरलेल्या लिप्यंतर-पद्धतीने लिहितात आणि त्यात शेवटचा ‘अ’ गाळत नाहीत. नारळीकर म्हणजे एन-ए-आर-ए-एल-आय-के-ए-आर-ए. अरुण म्हणजे ए-आर-यू-एन-ए. विज्ञान म्हणजे व्ही-आय-जे-एन-ए-एन-ए. अक्षरांवरच्या रेघा आणि खालचे टिंब टाकले नाही तरी चालते. हे स्पेलिंग टाकताच मराठी पुस्तकांची रांग लागली. मराठी साहित्य परदेशी कॅटलॉगमध्ये शोधणाऱ्याने ही एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. ती माहीत नसेल तर शिकागोच्या किंवा वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात असलेले मराठी पुस्तकही ‘नाही’ असेच दिसते.

समीक्षेसाठी इंग्रजी विषयशीर्षके वापरली. ती रोमन लिपीतच टाकायची आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो : ‘सायन्स फिक्शन – हिस्टरी अँड क्रिटिसिझम’, ‘सायन्स फिक्शन, इंग्लिश – हिस्टरी अँड क्रिटिसिझम’, ‘पॉलिटिक्स अँड लिटरेचर’, ‘युटोपियाज इन लिटरेचर’, ‘डिस्टोपियाज इन लिटरेचर’. भाषेचे नाव स्वल्पविरामानंतर येते, आधी नाही. पण ही शीर्षके तोंडपाठ करण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. एक नक्की उपयोगी पुस्तक घ्यायचे आणि त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर टिचकी मारायची. इथे सुरुवात डार्को सुविन यांच्या १९७९ च्या ‘मेटामॉर्फोसीज ऑफ सायन्स फिक्शन’पासून केली आणि फ्रेडरिक जेमसन यांच्या २००५ च्या ‘आर्किऑलॉजीज ऑफ द फ्यूचर’पर्यंत पोचायला दहा मिनिटे लागली. दुसरे पुस्तक तर थेट युटोपियाच्या राजकारणावर आहे. त्यानंतर वर्गांक : विज्ञानकथेची सर्वसाधारण समीक्षा ८०९.३८७६२, इंग्रजी विज्ञानकथेची ८२३.०८७६२०९, अमेरिकन ८१३.०८७६२०९. आदर्श राज्याची चर्चा मात्र राज्यशास्त्रात, ३२१.०७ ला. हे दोन विभाग मोठ्या ग्रंथालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असू शकतात, म्हणून दोन्ही लिहून न्यावे लागतात.

लेख कॅटलॉगमध्ये नसतात, हे विद्यार्थिनीला ठाऊक नव्हते, आणि बहुतेकांना नसते. कॅटलॉगला नियतकालिक माहीत असते, त्यातला लेख नाही. त्यासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा विज्ञानकथा-संशोधनाचा मोफत डेटाबेस वापरला. तिथे लेखही विषयवार लावलेले आहेत. ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ हे १९७३ पासून निघणारे नियतकालिक त्यातूनच समजले. लेखांचा पूर्ण मजकूर महाविद्यालयाच्या एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके देणारी योजना) सभासदत्वातून जेवढा मिळाला तेवढा उतरवला. तिचे एन-लिस्टचे खाते काढलेलेच नव्हते. ते सुरू होण्यात चार दिवस गेले.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर प्रबंध पाहिले. तिथेही मराठी प्रबंधांची नावे काही देवनागरीत, काही रोमनमध्ये आहेत, म्हणून दोन्हीकडून शोधले. प्रबंधाची पीडीएफ जुन्या फाँटमध्ये असेल तर आतला शब्द शोधता येत नाही. अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी वाचावी लागते. प्रबंधाची संदर्भसूची मात्र आधी उघडावी, ती कोणीतरी वर्षानुवर्षे केलेली शोधयादीच असते.

नागपूरची फेरी

तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपालांचे परिचयपत्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि २३ पुस्तकांची यादी घेऊन ती गेली. यादीत लेखक, ग्रंथनाम, वर्ष आणि वर्गांक होते. पण ओपॅकमधल्या प्रतींच्या तक्त्यातले ‘सध्याचे ठिकाण’ आणि ‘स्थिती’ हे दोन रकाने उतरवलेले नव्हते. परिणामी पाच पुस्तके शहराच्या दुसऱ्या भागातल्या विभागीय ग्रंथालयात निघाली आणि तीन बाहेर दिलेली होती. बंद मांडणीतल्या, म्हणजे वाचकाला स्वतः घेता न येणाऱ्या, पुस्तकांच्या मागणीचिठ्ठ्या दुपारनंतर घेत नसल्याने आणखी दोन राहिली. हाती १३ आली. आदल्या दिवशी एक फोन करून हे तिन्ही टळले असते. ही चूक विद्यार्थिनीची नाही. यादी तपासून देण्याचे काम ग्रंथपालांचे होते.

निष्पत्ती

आराखडा मुदतीत गेला, पण विषय आकसून. ‘मराठी विज्ञानकथा’ एवढा मोठा पट न घेता १९७४ ते १९९० एवढाच काळ घेतला. हा निर्णय कॅटलॉगमधूनच निघाला. सापडलेल्या नोंदी प्रकाशनवर्षाप्रमाणे लावल्यावर मोठा पुंजका त्या वर्षांत दिसला. १९७४ मध्येच नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली होती. ती त्यांनी स्वतःचे नाव न देता टोपणनावाने पाठवली होती. त्याच वर्षी १८ मे रोजी पोखरणची अणुचाचणी झाली, पुढच्या वर्षी आणीबाणी आली. राज्यसंस्था, विज्ञान आणि सत्ता हे तिन्ही एका चौकटीत आणणारा कालखंड मॅडमनाही पटला. राज्यशास्त्राच्या प्रबंधाला साहित्याच्या यादीपेक्षा असा नेमका प्रश्न लागतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

जे साधले नाही ते दिवाळी अंकांचे. मराठी विज्ञानकथा मोठ्या प्रमाणात आधी दिवाळी अंकांत आणि नियतकालिकांत आल्या. महाविद्यालय दिवाळी अंक दाखल करून घेत नाही. गावातले सार्वजनिक वाचनालय ते घेते, वाचकांना फिरवते आणि दोन-तीन वर्षांनी रद्दीला काढते. त्यामुळे कथा पहिल्यांदा कुठे आणि कधी आली, हे संग्रहाच्या मागच्या पानावर लिहिलेले नसेल तिथे कोरेच राहिले. अर्ध्याअधिक कथांच्या बाबतीत तसेच झाले. विज्ञानकथेचा राजकीय संदर्भ ठरवताना लिहिल्याचे साल आणि पुस्तकाचे साल यांत पाच-सात वर्षांचा फरक असेल तर अर्थच बदलतो, म्हणून ही उणीव मोठी आहे.

वेगळे काय करता आले असते

शोधवही पहिल्या दिवसापासून हवी होती. ती दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली, आणि तोवर निदान सहा शोध दोनदा केले गेले. वहीत पाच रकाने पुरतात : तारीख, कोणता कॅटलॉग, टाकलेला शब्द जसाच्या तसा, निकालांची संख्या, पुढे काय. शून्य आलेले शोधही लिहायचे. आराखड्याच्या चर्चेत ‘हे कुठे शोधलं होतं?’ असे विचारल्यावर तिने वही पुढे केली आणि तो प्रश्न तिथेच संपला.

पहिल्या दोन दिवसांत ग्रंथपालांनी ‘दुसरा शब्द टाकून बघ’ असे सांगितले होते. तेव्हाच ‘कथा हवी की कथेवरचे लेखन?’ असे विचारले असते तर ते दोन दिवस वाचले असते. एन-लिस्टचे खाते प्रवेशाच्या वेळीच काढता येते. आणि सार्वजनिक वाचनालयात दिवाळी संपताच जायला हवे होते. गेले तेव्हा डिसेंबर उलटत आला होता आणि जुन्या अंकांचा गठ्ठा आठवड्यापूर्वीच काट्यावर गेला होता.

ग्रंथालयाने पुढे १९ अधिक चार, अशा २३ पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त केल्या. ६५५ या साहित्यप्रकाराच्या क्षेत्रात ‘विज्ञानकथा’ जोडून आणि ‘विज्ञान कथा’ तोडून, अशी दोन्ही रूपे टाकली. संग्रह असतील तिथे ५०५ मध्ये कथांची नावे, नावांची रोमन रूपे २४६ या पर्यायी ग्रंथनामाच्या क्षेत्रात. एका नोंदीला साधारण सात-आठ मिनिटे लागली. आता त्या शोधपेटीत ‘पानिपत’ टाकले की इतिहासाच्या पुस्तकांच्या रांगेत गंगाधरपंतही येतात.